ऐकणाऱ्यांचंही कुणीतरी ऐकावं

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मंदिराच्या सभागृहात केलेलं भाषण)



घरात मारहाण आणि छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी असलेल्या हेल्पलाइनवर मी स्वयंसेविका आहे. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था १९८५ साली आपल्याच न्यू जर्सीत सुरू झाली. अशा कामाची इथे जुनी वाट आहे. आम्हाला ४० तासांचं प्रशिक्षण मिळतं. फोन घ्यायचा, कोर्टात रिस्ट्रेनिंग ऑर्डरसाठी सोबत जायचं, आश्रयगृहात जागा आहे का ते बघायचं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मुलगी विचारते, “मी तक्रार केली तर मला परत पाठवतील का?” तिला वकिलापर्यंत पोहोचवायचं. निर्णय मात्र तिचाच. ती पुन्हा त्याच घरी गेली, तरी पुढचा फोन तितक्याच मायेनं घ्यायचा.

यातलं काहीही आम्ही घरी सांगू शकत नाही. गुप्ततेचं वचन दिलेलं असतं आणि आपला समाज लहान आहे. नाव न घेता गावाचा उल्लेख केला, तरी कुणीतरी ओळखतं.

दोन वर्षांपूर्वी कुकरची शिट्टी झाली की मी दचकायला लागले. झोप उडाली. लेकीवर विनाकारण ओरडायचे. एका रात्री फोन संपल्यावर मी गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिले. मला वाटलं, मीच कच्ची आहे. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका ताईंचा फोन आला. “काल तुझी पाळी जड गेली ना? जेवलीस का?” तिकडून कोण बोलत होतं, हे त्यांनी विचारलंच नाही. मी अर्धा तास रडले. दुसऱ्याचं दुःख सतत ऐकून ऐकणाऱ्यालाही इजा होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता आम्ही सात जणी महिन्यातून एकदा भेटतो. नियम साधे आहेत. प्रकरणाचे तपशील सांगायचे नाहीत; आपल्यावर काय परिणाम झाला, तेवढंच बोलायचं. न विचारता सल्ला द्यायचा नाही. अवघड फोननंतर जोडीदारणीला कळवायचं आणि पुढची पाळी तिनं घ्यायची. हा उपचार नव्हे. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जायचं आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. पूर्वी दोघीजणी थकून काम सोडून गेल्या. मराठीत बोलणारं माणूस कमी झालं की फोन करणाऱ्या बाईला परक्या भाषेत आपलं दुःख सांगावं लागतं.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. महिन्यातून एक संध्याकाळ दार बंद करता येईल अशी एक खोली हवी. त्या दिवशी कुणी आमची मुलं सांभाळावीत, कुणी पोळी-भाजीचे डबे द्यावेत. मराठी जाणणारे समुपदेशक असतील तर त्यांनी थोडा वेळ द्यावा. आणि घरात कुणी हे काम करत असेल, तर “काय झालं?” असं खोदून विचारू नका. चहा ठेवा आणि शेजारी बसा.

आपल्यापैकी कुणाला स्वतःसाठी मदत हवी असेल, तर राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते: १-८००-७९९-७२३३. जिवाला धोका असेल तर थेट ९११.

ज्यांना मदत करायची आहे, त्यांनी तिळगूळ घेताना मला भेटावं. वही माझ्याजवळच आहे.