घडीचा चाकू घेताना
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनच्या भावाचे बोलून झाले, कर्जाचे बोलून झाले. आता थोडा वेळ आपल्या खिशातल्या एका वस्तूबद्दल बोलायचे आहे. जिल्ह्याच्या बैठकीत चाकूवर भाषण, असे म्हणून काही जण हसतील. हसा. पण आधी एक करा. घडीचा चाकू मिटून बोट कापल्याची खूण ज्यांच्या हातावर आहे, त्यांनी तो हात वर करावा. (पुष्कळ हात वर झाले.) बघा, हसणाऱ्यांचेही हात वर आहेत.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या बदलत होतो. मुख्य पाइपाचे भोक थोडे मोठे करायचे होते. ड्रिल घरी राहिले होते, वावर घरापासून दोन कोस. पुतण्याने खिशातला चाकू काढला, टोक भोकात खुपसले आणि जोर लावून फिरवले. पाते मागे फिरले आणि मुठीवरच्या बोटांवर बसले. दोन बोटांच्या कंडरा तुटल्या. अकोल्याला नेऊन ऑपरेशन केले, तीन महिने हात गळ्यात बांधून होता. चाकू आठवडी बाजारातला, साठ रुपयांचा. पुतण्या रोपवाटिकांमध्ये संत्र्याचे डोळे भरायला जायचा, रोपामागे मजुरी मिळायची. ते काम बोटांच्या टोकांचे. त्याचे एक बोट अजून पुरते मिटत नाही, आणि आता त्याला त्या कामाला कोणी बोलावत नाही.

तो चाकू आम्ही फेकला नाही. आज सोबत आणला आहे, हातोहात फिरवून बघा. पाते शाबूत आहे, धारही बरी आहे. मग दगा कोणी दिला? सांध्याने दिला. आपण बाजारात जातो, अंगठ्यावर धार बघतो, पाते चकचकते का बघतो आणि पैसे मोजतो. सांध्याकडे कोणी बघत नाही.

हिशेब साधा आहे, रुमणे धरणाऱ्याला सांगायला नको. तरफेचा हिशेब. पात्याचे टोक सांध्यापासून 8 सेंटिमीटर आणि पाते ज्या टेकूवर अडते तो सांध्यापासून 1 सेंटिमीटर असेल, तर टोकावर 10 किलोचा जोर दिला की टेकूवर 80 किलोचा भार येतो. क्विंटलाला वीस कमी! आणि तो पेलायचा कोणी, तर खिळ्याएवढ्या रिव्हेटने आणि मागच्या पट्टीने. म्हणून पाते जेवढे लांब तेवढा सांध्यावर ताण जास्त. वावरातल्या कामाला तीन-साडेतीन इंचांचे पाते पुरे. पाठीकडून ते अडीच-तीन मिलिमीटर जाड असावे.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त चाकूंत मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते. ती पात्याच्या बुडाला दाबून ठेवते, म्हणून उघडताना आणि मिटताना टक् असा आवाज येतो. पुष्कळांना वाटते, टक् झाले म्हणजे चाकू अडकला. तो अडकलेला नसतो. पट्टी नुसती दाबते, अडवत नाही. उलट्या बाजूने जोर आला की पाते मिटणारच. जगभर नाव असलेला स्विस चाकूही याच जातीचा. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने 1884 मध्ये कारखाना काढला आणि 1891 पासून स्वित्झर्लंडच्या फौजेला चाकू पुरवले. त्या घराण्याच्या लहान चाकूंत आजही नुसती दाबपट्टीच असते. सफरचंद कापायला, डबा उघडायला तो उत्तम. पाइपात खुपसून फिरवायला तोही नाही.

तेव्हा कष्टाच्या कामाला अडकणारा चाकू हवा. अडकवण्याच्या मुख्य रीती तीन. एकीत मुठीच्या आतल्या पत्र्याची जीभ सरकून पात्याच्या मागे बसते. दुसरीत पाठीवरचा खटका पात्याच्या खाचेत पडतो. तिसरीत मुठीच्या गळ्याशी असलेले कडे हाताने फिरवायचे. हे कडे फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूचे. जोसेफ ओपिनेल हा डोंगराळ सव्वा मुलखातल्या अवजारे घडवणाऱ्याचा मुलगा. त्याने 1890 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी हा लाकडी मुठीचा चाकू केला. कडे पुढे 1955 मध्ये आले. शेतकऱ्याच्या खिशातलाच चाकू तो.

आता आपल्या मातीत काय टिकेल? आपली जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात हात, खिसा, चाकू सगळे चिखलाने भरते. पत्र्याच्या जिभेमागे चिखल वाळला की जीभ अर्धीच सरकते, आणि वापरणाऱ्याला वाटते अडकला. शिवाय पिळून जोर दिला की हलक्या पत्र्याची जीभ निसटते. कड्याचे बरे, ते फिरले की नाही हे डोळ्यांना दिसते. पण लाकडी मूठ पावसात फुगते आणि पाते नखाने निघता निघत नाही. (तशी वेळ आली तर मुठीचे मागचे टोक लाकडावर आपटा, पात्याचे बूड थोडे वर येते.) आमची पसंती पाठीच्या खटक्याला. मात्र मूठ आतून मोकळी असावी, म्हणजे पाणी ओतले की माती निघून जाईल. खटका दाबायची जागा मुठीच्या मागच्या टोकाकडे असावी. पुढे असेल तर घट्ट पकडीत तो चुकून दाबला जातो.

दुसरी गोष्ट, चाकू एका हाताने उघडला पाहिजे. मागच्या पोळ्याच्या आधी आमच्या शेजाऱ्याचा गोऱ्हा दाव्यात गुरफटला. दावे गळ्याला फासासारखे बसले, डोळे पांढरे झाले. शेजाऱ्याने एका हाताने शिंग धरले होते, दुसऱ्या हातातला चाकू त्याने दातांनी उघडला. गोऱ्हा वाचला, शेजाऱ्याच्या पुढच्या दाताचा तुकडा गेला. पात्याला अंगठ्याने ढकलायची घुंडी असती तर दात वाचला असता.

पोलादाबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. जेवढे कडक तेवढे चांगले, असे नाही. फार कडक पाते गाठीवर कवडी उडवते, आणि गेलेली धार आपल्या निसण्यावर परत येत नाही. घिसाडी ट्रकच्या कमानपाट्याचे विळे करतात. ते पोलाद का निवडतात? त्यात चिवटपणा असतो, पाणी नीट दिले तर धारही राहते. चाकूलाही असेच हवे. साधे पोलाद गंजते, संत्र्याच्या रसाने काळे पडते, पण दगडावर चार हात मारले की लागते. स्टेनलेस गंजत नाही, धार लावायला वेळ घेते. पावसात काम करणाऱ्याने मध्यम कडक स्टेनलेस घ्यावे असे आम्हाला वाटते. इथे बसलेल्या जुन्या मंडळींना हे पटणार नाही, ते ठीक आहे.

दुकानात काय बघायचे? पाते उघडा आणि डावी-उजवीकडे हलवा. नवा चाकू डुलत असेल तर ठेवून द्या, वापराने डुलणे वाढतेच. मग बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच ठोका. खटका सुटला तर तो चाकू फुकट दिला तरी नको. दहा-वीस वेळा उघडा, मिटा. मिटल्यावर टोक मुठीच्या आत जाते ना, बघा. चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतील तर त्यांचा पाना सोबत मागा, नाहीतर ढिले झाल्यावर कोणाकडे जाणार? रिव्हेट असेल तर आपला लोहारही ठोकून देतो.

आणि इतके करूनही घडीचा चाकू तो घडीचाच. त्यात सांधा आहे. सोंगणीला विळा, फांदीला कुऱ्हाड किंवा कोयता, पाइपाला ड्रिल. उचकटायला पहार. पुतण्याचा चाकू खटक्याचा असता तर बोटे बहुधा वाचली असती, पण ते काम चाकूचे नव्हते हे आम्हालाच त्या वेळी सांगायला हवे होते. वावरात आम्ही उभे होतो.

डोळे भरायचा चाकू वेगळा ठेवा. संत्र्याचा एक्झोकॉर्टिस नावाचा रोग चाकूवरून एका झाडाचा दुसऱ्याला जातो. जंबेरीचा खुंट तो सहन करतो, रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल मात्र तडकून निघते. नुसते फडक्याने पुसून भागत नाही. 1 ते 2 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात पाते बुडवून घ्यावे, आणि हे पाणी लोखंड खाते म्हणून संध्याकाळी धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा. तेल शिलाई मशीनचे चांगले. गोडेतेल सांध्यात चिकट होऊन बसते.

फवारणीच्या औषधाची पुडी ज्या चाकूने फोडली, त्याच चाकूने आंबा कापणारे आम्ही पाहिले आहेत. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसे गेली. पुडीसाठी जुनी कात्री ठेवा, ती औषधाच्या खोलीतच टांगा.

एक कायद्याचे. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. खिशातला तीन इंची चाकू त्या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाईहुकूम लागला की चाकू आणि काठ्यासुद्धा बाळगता येत नाहीत. निवडणुकीत, सणावारात, मोर्च्याच्या दिवशी असे हुकूम निघतात. म्हणून मोर्च्याला येताना चाकू घरी. आपल्या मागणीऐवजी आपला खिसा तपासला जावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

जेवणानंतर मंडपाच्या मागे लिंबाखाली आम्ही निसणा, तेल आणि हातोडी घेऊन बसतो. ज्यांनी चाकू आणले असतील त्यांनी दाखवावेत. ढिला रिव्हेट ठोकता आला तर तिथेच ठोकून देऊ.