मोजणारी बाई : फ्लोरेन्स केली
(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



अमेरिकेतल्या आद्य समाजसेविका म्हटलं की जेन ॲडम्सचं नाव हमखास येतं. 1889 च्या सप्टेंबरात तिनं आणि एलेन गेट्स स्टारनं शिकागोतल्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत हल हाउस सुरू केलं. (आपल्या पंडिता रमाबाई त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेहून परत आल्या होत्या. थोडक्यात चुकामूक झाली!) पण मला आज बोलायचंय ते त्या घराच्या दाराशी आलेल्या एका बाईबद्दल.

1891 च्या डिसेंबरात फ्लोरेन्स केली तिथं पोचली. नवरा मारहाण करायचा म्हणून तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्कहून निघून आलेली. बाप काँग्रेसचा सभासद, स्वतः कॉर्नेल विद्यापीठाची पदवीधर, एंगल्सच्या इंग्लंडमधल्या कामगारांवरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर तिनं केलेलं. एवढं शिकूनही मार चुकला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे अजून कुणीतरी म्हणतंच, शिकलेल्या बायकांना कशाला केंद्र लागतं? मुलांच्या ताब्यासाठी नवऱ्यानं दावा लावला. 1892 साली कोर्टानं मुलं तिच्याकडे दिली. हल हाउसच्या ओळखीतून मुलांची सोय एका स्नेही कुटुंबात झाली आणि ही कामाला लागली.

काम काय, तर मोजणं. ठेकेदार कापलेलं कापड आणायचे आणि चाळीतल्या खोल्यांमधून बायकापोरांकडून शिवून घ्यायचे. त्या खोल्यांत केली दारोदार फिरली. किती माणसं, कुठल्या देशाची, आठवड्याला मजुरी किती, सगळं लिहून घेतलं. त्यातून वस्तीचे रंगीत नकाशे तयार झाले, मजुरीप्रमाणे घराचा रंग. 1895 साली ते पुस्तकरूपानं छापले गेले. हा नुसता अहवाल नव्हता. याच माहितीच्या जोरावर 1893 साली इलिनॉय राज्यात कायदा झाला : चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस. कायद्याची मुख्य निरीक्षक म्हणून गव्हर्नर आल्टगेल्डनं केलीलाच नेमलं. 1894 साली शिकागोत देवीची साथ आली. रोगी पडलेल्या त्याच खोल्यांत कोट शिवले जात होते, आणि ते कोट जप्त करायला ती स्वतः जात होती.

सरकारी वकील खटले चालवायला टाळाटाळ करू लागला. तेव्हा तिनं रात्रीच्या वर्गात कायदा शिकून 1895 साली पदवी घेतली. मला तिच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो.

पण त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ तासांचं कलम रद्द केलं. कारण वाचा : स्त्रीलाही पुरुषाइतकंच करार करायचं स्वातंत्र्य आहे! म्हणजे आमदार निवडायला मत नाही, पण बारा तास राबायचं स्वातंत्र्य मात्र समान. 1897 साली नव्या गव्हर्नरनं तिला काढून टाकलं.

आता माझा मुद्दा. 1899 पासून ती राष्ट्रीय ग्राहक संघाची सरचिटणीस होती. ओरेगॉनमधल्या लाँड्रीतल्या बायकांसाठी दहा तासांच्या मर्यादेचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा संघातल्या जोसेफिन गोल्डमार्कनं शंभरावर पानं माहिती जमवली आणि वकील ब्रँडाइसनं ती मांडली. 1908 साली खटला जिंकला. पण कशाच्या जोरावर? बाई नाजूक, ती आई होणार, तिला संरक्षण हवं! केलीचं म्हणणं असं की बायकांच्या दारातून आत शिरू, मग सगळ्याच कामगारांना घेऊ. 1923 साली ॲलिस पॉलच्या पक्षानं समान हक्कांची घटनादुरुस्ती आणली तेव्हा केलीनं विरोध केला. असे सगळे कायदे त्यानं कोसळतील अशी तिला भीती होती. दोन्हीकडे आयुष्य वेचलेल्या बायका, आणि फूट पडली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यातल्या रात्रपाळीच्या मनाईवरून आपण काय काय बोललोय एकमेकींना, आठवा. मी स्वतः दोन्ही बाजूंनी बोललेय. आज मला वाटतं, कायदा पदरात पडला म्हणून केली चुकली नव्हती, पण त्या नाजूकपणाचं कर्ज पुढच्या पिढ्यांनी फेडलं.

1932 साली केली वारली. तिचं भाषण कॉलेजात ऐकून या कामात आलेली फ्रान्सिस पर्किन्स पुढच्याच वर्षी देशाची कामगारमंत्री झाली. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. 1938 साली किमान वेतनाचा, कामाच्या तासांचा आणि बालमजुरीविरुद्धचा कायदा झाला, बायकापुरुष दोघांनाही. केलीची चाल फळली असंच म्हणावं लागेल. फक्त शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं ही कामं करणाऱ्यांत कृष्णवर्णीय बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. केली स्वतः 1909 साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत होती, तरी तिच्या कामातून वाढलेल्या कायद्याला हे भगदाड राहिलं. घरकामगार त्यात आल्या 1974 साली. छत्तीस वर्षं.

आता चर्चेला बसू. आपल्या घरकामगार संघटनेच्या मैत्रिणींनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.