पिवळ्या जर्सीविना पुलिदोर

फ्रान्सचे सायकलपटू रेमाँ पुलिदोर १९७७ साली निवृत्त झाले. 'टूर द फ्रान्स' ही सायकलिंगमधली सर्वांत मोठी शर्यत… तिथे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला पिवळी जर्सी मिळते. पुलिदोरना ती एक दिवसही मिळाली नाही. म्हणून लोक त्यांना 'कायमचे दुसरे' म्हणत. हे नाव अन्यायाचं आहे. जर्सी मिळाली नाही, म्हणजे कारकीर्द फसली असं नाही. याच शर्यतीत ते आठ वेळा पहिल्या तिघांत आले… शेवटच्या वेळी त्यांचं वय होतं चाळीस! आणि ते जिंकलेही. १९६१ साली मिलान ते सान रेमो ही लांब पल्ल्याची शर्यत… १९६४ साली स्पेनची 'व्हुएल्ता'.

कुणी म्हणेल, मोक्याच्या क्षणी ते कचरले. यात तथ्य आहे. १९६४ च्या टूरमध्ये, प्वी द दोमच्या खड्या चढावर, त्यांचे प्रतिस्पर्धी जाक आंकेतिल त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. पुलिदोरनी त्यांना मागे टाकलं, पण माथा जवळ आल्यावर… फार उशिरा. ती टूर एका मिनिटाहूनही कमी फरकानं गेली. पण समोर कोण होतं, तेही पाहा. आधी आंकेतिल, नंतर बेल्जियमचे एडी मर्क्स. दोघांनीही टूर पाच-पाचदा जिंकली. अशा दोन पिढ्यांशी एकटा माणूस झुंजत राहिला. जर्सी नव्हती, तरी फ्रान्सच्या रस्त्यांवर 'पुपू, पुपू' हा त्यांच्या लाडक्या नावाचाच पुकारा मोठा असायचा… विजेत्या आंकेतिलपेक्षाही मोठा.