ठिणगी, इंधनाची वाफ आणि प्लाझ्मा

पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावर विमानाचं इंजिन सुरू होतं, तेव्हा इंधनाच्या फवाऱ्यात आधी विजेची ठिणगी पडते. डिचोलीच्या बाजारात स्कूटर सुरू करतानाही हेच घडतं. स्पार्क प्लगच्या मिलिमीटरभराहून लहान फटीत हजारो व्होल्टचा दाब येतो आणि तिथल्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. इलेक्ट्रॉन सुटलेला हा वायू म्हणजेच प्लाझ्मा. त्यातून पेटलेली ज्योत पुढे आपली आपण पसरते. खनिजवाहू ट्रकच्या डिझेल इंजिनात मात्र ठिणगी नसते. तिथे दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटतं.

प्लाझ्माचा एक थंड प्रकारही आहे. 1857 साली वेर्नर फॉन सीमेन्स यांनी काचेच्या अडसरातून वीज खेळवणारी ओझोन-नळी बनवली. अशा नळीत हवा आणि इंधनाची वाफ सोडली, तर वायू फारसा तापत नाही, पण ऑक्सिजनचे सुटे अणू वाफेतल्या हायड्रोकार्बनवर तुटून पडतात. क्रिया पुरी झाली, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. अर्धवट राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी वायू तयार होतात. शिवाय ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतातच.

हौशी प्रयोगकर्त्यांना हा विषय खुणावतो, आणि तो आहेच तसा. पण हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली, की एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून मित्रांनो, इंधनाच्या वाफेवर प्लाझ्माचा प्रयोग घरात किंवा गॅरेजमध्ये करू नका. वायू मोजण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळेत, जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.