घड्याळावर विसंबलेली चाचणी

बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवच्या फलाटावर गाडींतील उतारू मोजावयाचे आहेत, अशी कल्पना करावी. मोजणारा पांच मिनिटें थांबतो व मोजूं लागतो. गाडी मलकापुरासच रखडली असली तर फलाट रिकामा, आणि दोष मात्र गाडीच्या माथीं!

संगणकावरील 'जावा' भाषेच्या आभासी यंत्रांत कामाचे अनेक धागे, म्हणजे 'थ्रेड', एकदम चालतात. कामांतून काम निघालें कीं त्याची नोंद 'स्टॅक' नांवाच्या उतरंडीवर चढते. ती वाचून धागा कोठें थबकला तें कळतें. तपासणारी चाचणी मात्र क्षणभर झोप घेऊन वाचूं लागते. यंत्रावर भार असला तर धागा अजून वाटेंतच असतो. अशी कधींमधीं चुकणारी चाचणी नेहमीं चुकणारीपेक्षां घातक, कारण तिचा इशारा पुढें कोणी मानीत नाहीं.

झोप लांबविणें हा उपाय नव्हे. धागा 'प्रतीक्षेंत' आहे कां, हें पुनःपुन्हां विचारावें. तेंही अपुरें, तो भलत्याच कुलपापाशीं थांबलेला असूं शकतो, म्हणून उतरंडीचें वरचें टोंकही पाहावें. २०२३ सालीं जावाच्या २१ व्या आवृत्तींत आभासी धागे कायम झाले. ते थांबतांना बहुधा वाहक धाग्यावरून खालीं उतरतात. मग वाहकाची उतरंड कितीही चाळली तरी ते तेथें सांपडत नाहींत.