आग्रहाचा नवा संस्कार

(गोंदिया येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



धान आणि तलाव ही आपल्या गोंदिया जिल्ह्याची ओळख. येथे जेवण म्हणजे भात. अशा घरात मधुमेह जडलेल्या माणसास ‘आजपासून भात बंद’ असे फर्मावले, तर तो आपल्याच पंगतीत परका होतो आणि पथ्य चार दिवसांत मोडते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या व्याधीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणूनच हा प्रश्न एकट्या रुग्णाचा नसून घराच्या स्वयंपाकाचा आहे.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, अतिनिद्रा, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. ‘साखर नको, पण गूळ चालतो’ ही समजूत आजच्या शास्त्रास मान्य नाही. चरकाचाही तिला आधार नाही.

मग करावे काय? ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबिरीने भरावा, पाव भाग डाळ-उसळीने. मत्स्याहारी असाल तर तलावातील मासळीने. उरलेल्या पाव भागात भात वा पोळी. आधी भाजी-वरण, शेवटी भात, असा क्रम ठेवल्यास रक्तातील साखर एकदम चढत नाही. पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा उकडा तांदूळ बरा. अधूनमधून कोदो-कुटकी शिजवावी, पण तीही मोजूनच. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालावे.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर एकाएकी उतरणेही जिवावर बेतू शकते. आहार सुधारला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपला कार्यकर्ता महिन्यातील कितीतरी दिवस प्रवासात असतो. रोज नवे घर, नवी माउली आणि ताटात रोज नवे पक्वान्न. ‘आमच्याकडे पहिल्यांदाच आलात, एवढे घ्याच’ या प्रेमापुढे तो नाही म्हणू शकत नाही. घेणारा संकोचाने घेतो, वाढणारी श्रद्धेने वाढते आणि दोघांच्या नकळत त्या देहाची झीज होत जाते.

अतिथी देवासमान, हे खरेच. पण देवाच्या प्रकृतीची चौकशी आधी करावी! मातृशक्तीस माझी विनंती आहे की, आग्रह सोडू नका, आग्रहाचा विषय बदला. जिलेबीऐवजी भाजीचा, दुसऱ्या वाढीच्या भाताऐवजी ताकाचा आग्रह करा. आणि कार्यकर्त्यांनीही आपले पथ्य निःसंकोच सांगावे. राष्ट्रकार्यास दीर्घायुषी माणसे हवीत; त्यांचे आयुष्य आपल्या वाढपाच्या हातात आहे.