आहारविकार आणि घरच्यांचे कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, गुणवंतांचा सत्कार अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज ज्या विषयास हात घालीत आहे तो स्वयंपाकघरातील आहे. घरात अन्नाला तोटा नसताना एखादे मूल जेवण टाकते आणि दिवसेंदिवस वाळत जाते. दुसरे एखादे चोरून पोट फुटेस्तोवर खाते आणि मागाहून ते सारे ओकून टाकते. पहिल्यास आपण हट्ट म्हणतो, दुसऱ्यास अधाशीपणा. वैद्यकशास्त्र मात्र या दोहोंस आजार म्हणते. आहारविकार हे त्याचे नाव. ज्या मनोविकारांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक, त्यांत याची गणना होते. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा जाणत्या वैद्यांनी जे सिद्ध केले आहे तेवढेच आपणांपुढे मांडतो.

हे नव्या काळाचे खूळ आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयरोगावर ग्रंथ लिहिला. त्यात ज्वर नाही, खोकला नाही, तरीही झिजत गेलेल्या एका मुलीची हकीकत आहे. अठराव्या वर्षी तिचे दुखणे सुरू झाले. पुढे औषधांस कंटाळून तिने ती बंद केली आणि ती मरण पावली. त्याच ग्रंथातील सोळा वर्षांचा मुलगा मात्र अभ्यास बाजूस ठेवून, मोकळ्या हवेत, दुधाच्या आहारावर बराचसा सुधारला. पुढे १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. गल यांनी त्यास ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. शब्दशः अर्थ घेतला तर हे नाव फसवे आहे. त्याचा अर्थ भूक मंदावणे. परंतु या रोग्याची भूक बहुधा मेलेली नसते, तिच्याशी त्याची अहोरात्र झुंज चाललेली असते.

लासेग यांचे एक निरीक्षण आपल्या घरांस आजही तंतोतंत लागू पडते. मूल जेवीनासे झाले की घरच्यांपाशी दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी. आणि ते दोन्ही वाया जातात. आवडीचे पदार्थ पुढे येतात, शपथा घातल्या जातात, मग आवाज चढतो, आणि शेवटी ताट तसेच राहते.

या विकाराचे मुख्य प्रकार तीन. पहिला वर सांगितलेला, स्वतःस उपाशी ठेवण्याचा. हाडे दिसू लागली तरी आपण स्थूल आहोत, असेच त्या रोग्यास वाटत असते. दुसरा ‘बुलिमिया’. यात बेसुमार खाणे आणि मग पश्चात्तापाने ओकणे, जुलाबाची औषधे घेणे अथवा अतोनात व्यायाम करणे, हे चक्र चालू राहते. गेराल्ड रसेल या वैद्यांनी १९७९ साली याचे वर्णन केले. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांनी १९९५ साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपणांस हाच आजार होता असे जगापुढे सांगितले, तेव्हा राजवाड्यासही तो चुकलेला नाही हे दिसून आले. तिसऱ्या प्रकारात ओकणे नसते. परंतु आवर न घालता येणारे खाणे आणि त्यामागून येणारी लाज असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्यास स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले.

कारण एकच नसते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे दिसून आले आहे. काटेकोर, अपयशास भिणारा, स्वतःस सदैव गुण देत बसणारा स्वभाव हे दुसरे कारण. वयात येतानाचे शरीरातील बदल, कोणी केलेली हेटाळणी, घरातील दुःख ही त्यास चालना देतात. समाजाचे डोळे हेही एक कारण आहे. फिजी बेटांवर पूर्वी भरल्या अंगाची स्त्री सुखवस्तू मानली जाई. तेथील एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली, आणि तीनच वर्षांनी अमेरिकन संशोधिका ॲन बेकर यांना तेथील शाळकरी मुलींत कृश होण्याची ओढ आणि त्यासाठी ओकण्याचा प्रकार आढळला. आज तर प्रत्येक मुलाच्या हातात मोबाईल आहे. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. पीळदार शरीराच्या वेडापायी नेहमीचे जेवण सोडणारे तरुण आपल्याही घरांत असू शकतात.

आता या विषयातील मर्माची गोष्ट सांगतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४ आणि १९४५ साली ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. सहा महिने त्यांना जवळजवळ निम्मा आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. परंतु पालट केवळ शरीरात झाला नाही. ते चिडखोर व उदास झाले, मित्रांत मिसळेनासे झाले. अन्नाखेरीज त्यांच्या मनात दुसरे काही येईना. पाककृतींची पुस्तके वाचावीत, एकेक जेवण तासभर पुरवीत बसावे, असे चालले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना खाण्याचे भान राहीना. हे तरुण आरंभी मनाने निरोगी होते, हे ध्यानी घ्यावे. म्हणजे ज्या वागण्यास आपण मुलीचा तऱ्हेवाईकपणा म्हणतो, त्यातील पुष्कळसे उपासमारीनेच निर्माण केलेले असते. उपाशी मेंदूस उपदेश पटत नाही. म्हणून आधी समजूत पटू दे, मग जेवेल, हा क्रम उलटा आहे. आधी अन्न पोटात गेले पाहिजे. समजूत मागाहून येते.

या विकाराचे परिणाम सर्वांगावर होतात. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मुलींची मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, अंगावर बारीक लव उगवते, उन्हाळ्यातही थंडी वाजते. वारंवार ओकणाऱ्यांच्या दातांचे कवच झिजते, गाल सुजतात आणि रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अकस्मात बिघडतात. प्रसिद्ध अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर यांचे १९८३ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, याच विकाराच्या परिणामी हृदय बंद पडून निधन झाले. तसेच रोगी दिसण्यात कृश असतोच असे नाही, हेही विसरू नये.

आपल्या घरांत हा आजार ओळखणे अधिक कठीण जाते, कारण त्यास उपवासाचा आडोसा मिळतो. भारतातील कित्येक रोगी लठ्ठपणाचे भय बोलूनच दाखवीत नाहीत; पोट भरल्यासारखे वाटते, अन्न पचत नाही, व्रत आहे, असे सांगतात. व्रतवैकल्यांस मी नावे ठेवीत नाही. परंतु बालक, वृद्ध आणि आजारी यांना उपवासातून सूट देण्याइतका शहाणपणा आपल्या परंपरेतच आहे. सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार असे एखाद्या मुलीचे उपवास वाढत चालले. ती पंगत टाळू लागली. जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन दार लावून घेऊ लागली. तर तिच्या धर्मनिष्ठेचे कौतुक करण्यापूर्वी वैद्यांस दाखवावे.

उपचार आहेत आणि त्यांना यश येते. १९८० च्या सुमारास लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात कुटुंबास बरोबर घेऊन उपचार करण्याची पद्धत सुरू झाली, आणि लहान वयाच्या रोग्यांत तिचा चांगला गुण आला. तीत दोष मुलास देत नाहीत, आईबापांसही देत नाहीत. आजार वेगळा आणि मूल वेगळे, असे मानावयाचे. काय व किती वाढावयाचे हे काही काळ आईवडिलांनी ठरवावयाचे, शेजारी बसून, न रागावता, न ढळता, प्रत्येक जेवण पुरे करवावयाचे. आणि प्रकृती सुधारली की तो अधिकार हळूहळू मुलास परत द्यावयाचा. बुलिमियात वेळेवर जेवण, विचार व वर्तन यांत पालट घडविणारी मानसोपचार पद्धती आणि वैद्यांनी दिलेले औषध यांचा उपयोग होतो. मात्र एक इशारा देणे अगत्याचे आहे. फार दिवसांच्या उपाशी देहास एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील क्षार झपाट्याने उतरून जिवास धोका संभवतो. म्हणून आरंभ वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावा. घेरी आली, छातीत धडधड झाली, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतात. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही, सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनोविकारांस शारीरिक आजारांच्या बरोबरीनेच लेखले पाहिजे.

अडचण पैशापेक्षा लज्जेची अधिक आहे. बोभाटा झाला तर मुलीचे लग्न कसे जमेल, या भयाने वर्ष-दोन वर्षे दवडली जातात; आणि आजार जितका जुना तितका तो चिवट. तेव्हा ज्ञातीनेच ज्ञातीचे हे भय घालवावे. माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे की, आपल्या वधू-वर सूचीतील ‘बांधा’ आणि ‘वजन’ हे रकाने काढून टाकावेत. आणि आपण सर्वांनी समारंभात भेटलेल्या मुलीस ‘किती सुटलीस ग!’ किंवा ‘अगदी काडी झालीस!’ असे म्हणण्याऐवजी सध्या काय वाचतेस, काय शिकतेस, हे विचारावे. एवढ्याने रोग नाहीसा होणार नाही. परंतु ज्या मुलीच्या मनात तो दबा धरून बसला आहे, तिच्या ताटात आपल्या हातून विष तरी पडणार नाही.

आपल्याकडे आग्रहाने वाढण्याची रीत आहे. तो आग्रह आपण पाहुण्यास करतो. घरातल्या आजारी मुलासाठी आग्रहाहून कठीण अशी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तोंडातून कठोर शब्द न काढता त्याच्या शेजारी बसून राहण्याची चिकाटी. ती आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.